श्रोत्याचा हक्क किती?

१७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये बॉब डिलन गात असताना श्रोत्यांतून एक आरोळी उठली : ‘जुडास!’ ख्रिस्ताला पकडून देणाऱ्या शिष्याचे हे नाव. डिलनचा अपराध एवढाच, की लाकडी गिटार बाजूला ठेवून त्याने विजेवर चालणारी हाती घेतली होती आणि पाठीशी वादकांचा ताफा उभा केला होता. आदल्या वर्षी, २५ जुलै १९६५ ला, अमेरिकेतील न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवातही त्याची अशीच हुर्यो उडाली होती.

‘पूर्वीचे साधे गाणेच बरे होते’ असे म्हणत मैफलीहून परतणारा आणि घरी येऊन जुनी तबकडी लावणारा रसिक आपल्या ओळखीचा आहे. माझीही गणना त्यातच करावी. १९६३ चा डिलन, म्हणजे एक गिटार, गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन आणि काहीसा खरखरीत आवाज, मला पुढच्या डिलनपेक्षा जवळचा वाटतो. शब्द थेट कानाशी येतात. मध्ये कोणी नाही. ही आवड झाली आणि आवडीबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. पण गाणे बदलले म्हणून ‘विश्वासघात’ हा शब्द वापरता येतो काय?

विश्वासघाताला आधी वचन लागते. श्रोत्यांना असे कोणते वचन मिळाले होते? घाईने ‘कोणतेच नाही’ म्हणून चालणार नाही. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी जो प्रचंड मोर्चा निघाला, त्यात डिलन गायला होता. त्याची गाणी लोकांनी सभांतून आपली म्हणून गायिली. त्यांच्या लेखी तो साधेपणा म्हणजे नुसती शैली नव्हती. ते बाजू घेणे होते. वीज आली म्हणजे बाजार आला, असे त्यांना वाटले. हे दुःख मी खोटे मानत नाही.

पण तो साधेपणा मूळचा होता काय? डिलन वाढला तो मिनेसोटा राज्यातील हिबिंग या खाणींच्या गावात. तेथील हायस्कूलच्या १९५९ च्या वार्षिकात रॉबर्ट झिमरमन (हे त्याचे मूळ नाव) या मुलापुढे महत्त्वाकांक्षा छापली आहे : लिटल रिचर्डला जाऊन मिळणे. लिटल रिचर्ड म्हणजे रॉक अँड रोलचा धडाका! शाळेत असताना हा मुलगा तसल्याच बँडमध्ये दणदणाट करीत असे. (शाळेच्या वार्षिकातले मुख्याध्यापकांचे मनोगत कोणी वाचत नाही, मुलाची अर्धी ओळ मात्र साठ वर्षांनीही साक्षीला येते.) लोकगायकाचा साधा वेष त्याने नंतर, वुडी गथ्रीच्या गाण्यांनी भारावून, स्वीकारला. म्हणजे श्रोते ज्याला पहिला समजत होते, तो दुसरा होता. आपल्याला कलावंत जेथे भेटतो, तेथूनच आपण त्याचा आरंभ मोजतो.

येथे आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व आठवतात. बालवयात थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन त्यांनी सभा थक्क केल्या. क्षयाच्या दीर्घ आजारानंतर देवासला माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी जे गाणे उभे केले, त्याला नाके मुरडणारेही निघाले. नावात ‘कुमार’ असले म्हणून जन्मभर कुमारच राहावे, अशी सक्ती कोणी करावी?

म्हणून तक्रारी निवडून घ्याव्यात. न्यूपोर्टला ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर संतापला. पुढे त्याने कारण सांगितले : ध्वनी इतका विकृत येत होता, की शब्दच कळेनात. ही तक्रार गाण्याची आहे, तिची दखल गायकाने घेतलीच पाहिजे. ‘तू आमचा होतास’ ही तक्रार वेगळी. तो निघून गेला खरा. गाणी लोकांकडेच राहिली, ती गाण्यापासून त्याने कोणाला अडवले नाही.

मँचेस्टरच्या त्या कार्यक्रमाचा पूर्वार्ध डिलन एकटाच, लाकडी गिटार घेऊन गायला होता. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण १९९८ साली दोन तबकड्यांत अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. आरोळी दुसरीत आहे. दुसरी मी पूर्ण ऐकली आहे, दोनदा. पहिली किती वेळा, ते मोजलेले नाही.