स्थानभ्रष्ट कोणाला म्हणावे?

आपल्या जागेवरून ढळलेल्याला शोभा उरत नाही, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केले असेल. पडलेले दात, गळलेले केस आणि तुटलेली नखे यांच्या पंक्तीत सुभाषितकाराने माणसालाही बसविले आहे. दात, केस आणि नखे यांच्यापुरते ते म्हणणे निर्विवाद आहे. माणसाविषयी ते कितपत खरे मानावे, हा प्रश्न मात्र ज्यांची घराणी कित्येक पिढ्यांपूर्वी दख्खन सोडून चंबळेच्या परिसरात आली, त्या आपल्यासारख्यांना टाळता येण्याजोगा नाही. आम्ही येथे त्याचा विचार थोड्या आडवाटेने, पक्ष्यांच्या आधारे करणार आहोत. माणसांची गोष्ट निघाली की अभिमान आणि दुःख दोन्ही लगेच मध्ये येतात. पक्ष्यांविषयी त्या मानाने तटस्थपणे बोलता येते.

प्रथम ‘आपली जागा’ म्हणजे काय, हेच पाहिले पाहिजे. ग्वाल्हेरपासून जवळात जवळचा समुद्र सुमारे सातशे किलोमीटरांवर आहे. तरीही हिवाळ्यात चंबळेच्या पात्रावर कुरव पक्षी दिसतात. कुरव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंदर, गलबते आणि मासळी येते. म्हणून नदीवरचा कुरव पाहणाऱ्याला तो वाट चुकलेला वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव जन्मतो लडाख-तिबेटच्या उंच पठारांवरील सरोवरांकाठी. समुद्राचे दर्शन त्याला स्थलांतरानंतरच घडते आणि वाटेतील नद्या व तलाव हेही त्याचेच मुक्काम असतात. त्याची जागा म्हणजे नकाशावरील एखादा ठिपका नसून वर्षभराचा सारा प्रवास आहे. चुकला असेल तर आपला समज चुकला, पक्षी नव्हे.

परंतु खरोखर भरकटलेले पक्षीही असतात. दूरच्या सागरी बेटांवर वीण करणारा आणि एरवी खुल्या समुद्रावर वावरणारा मुखवट्याचा बूबी पावसाळ्यातील वादळी वाऱ्यांनी थकून मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडल्याच्या नोंदी वेळोवेळी झाल्या आहेत. पांढरे अंग, पंखांची काळी किनार आणि चोचीभोवती काळसर मुखवटा असा हा मोठा पक्षी वाळूवर निश्चल बसलेला आढळतो. अशा वेळी पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो त्याला उचलून पुन्हा पाण्यात सोडण्याचा. समुद्रपक्ष्याचे घर समुद्र, हा तर्क सरळ दिसतो. पण दमलेल्या पक्ष्याला लाटांत ढकलणे म्हणजे बहुधा त्याला मरणाच्या हवाली करणे होय. त्याला हवी असते शांत, अंधारी, कोरडी जागा, विश्रांती आणि जाणत्या माणसाचा हात. वन खात्याला किंवा पक्षी-उपचार केंद्राला कळविणे हाच त्यातील योग्य मार्ग. येथे एक नैतिक गोष्ट ध्यानात येते. ‘तुझी जागा ती’ असे ठरवून एखाद्याला तिकडे लोटणे आणि त्याची गरज ओळखणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत आपला नकाशा आधी येतो. दुसरीत समोरचा जीव.

जून 2011 मध्ये न्यूझीलंडच्या पेका पेका या किनाऱ्यावर दक्षिण ध्रुवीय प्रदेशातील एक कोवळ्या वयाचा एम्परर पेंग्विन येऊन पोहोचला. अन्न आणि पाणी शोधताना त्याने वाळू गिळली; ती त्याला बर्फ वाटली असावी, असे जाणकारांचे मत पडले. वेलिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात त्याच्या पोटातील वाळू अनेक वेळा काढावी लागली. लोकांनी त्याला ‘हॅपी फीट’ हे चित्रपटातले नाव दिले आणि वर्गणीही जमविली. 4 सप्टेंबर 2011 रोजी त्याला एका संशोधन-जहाजातून दक्षिणेकडील समुद्रात सोडण्यात आले. त्याच्या अंगावर लावलेल्या यंत्राचे संदेश 9 सप्टेंबरला थांबले. यंत्र गळून पडले की पेंग्विनच कोणाचा घास झाला, हे कोणालाच सांगता आले नाही. त्या काळी अनेकांनी विचारले, की एका पक्ष्यावर इतका खर्च का? आम्हांला तो आक्षेप पटत नाही. दारी आलेल्या आजाऱ्याची शुश्रूषा करताना हिशोब मांडू नये. प्रश्न पुढचा आहे. सुटकेनंतरचे पाच दिवस त्याने कसे काढले, याची चिंता जितकी होती तितकीच तो ‘घरी’ पोहोचल्याचे समाधान आपल्याला मिळावे, ही आसही लोकांत होती. परोपकारात आपले समाधान मिसळलेले असतेच. ते ओळखून असावे, इतकेच.

याहून विलक्षण हकिगत अल्बाट्रॉसची आहे. काळ्या भुवईचा अल्बाट्रॉस हा दक्षिण गोलार्धातील पक्षी. वाऱ्याच्या आधाराने पंख न हलविता तो फार दूरवर तरंगत जातो. म्हणूनच विषुववृत्ताजवळील निर्वात पट्टा त्याला भिंतीसारखा आडवा येतो. एखादा ती भिंत ओलांडून उत्तरेस आला की परतणे दुष्कर होते. असा एक अल्बाट्रॉस 1860 पासून फॅरो बेटांपैकी मिकिनेस येथे गॅनेट पक्ष्यांच्या वसाहतीत राहिला. (गॅनेट हे आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या बूबीचेच भाऊबंद.) तेथील लोक त्याला गॅनेटांचा राजा म्हणत. चौतीस वर्षे तो प्रत्येक उन्हाळ्यात आला आणि 1894 साली त्याला गोळी घालून मारण्यात आले. पुढे 1972 पासून 1995 पर्यंत दुसरा एक अल्बाट्रॉस शेटलंडच्या हर्मनेस या कड्यावर, गॅनेटांतच, बहुतेक दर वर्षी येत राहिला. त्याने घरटे बांधले. जोडीदार मात्र त्या गोलार्धात नव्हताच. 2021 मध्ये इंग्लंडच्या बेम्प्टन कड्यावर असाच एक पक्षी दिसू लागला, तेव्हा त्याला पाहण्यास लोकांची रीघ लागली. एकाच जातीच्या पाहुण्यांना उत्तरेत बंदूक, कुतूहल आणि गर्दी असे तिन्ही सत्कार लाभले.

या सर्वांत गॅनेटांचे वर्तन आम्हांला विचार करण्याजोगे वाटते. त्यांनी परक्याचे स्वागत केले नाही आणि त्याला कड्यावरून हाकलूनही लावले नाही. आपापल्या चोचीच्या अंतरावर त्यांनी त्याला बसू दिले. पक्ष्यांना नीतिमत्ता चिकटविणे अयोग्य; तरीही मनुष्यसमाजात पुष्कळदा इतकेही घडत नाही, हे नाकारता येणार नाही. मात्र जागा देणे आणि आपले मानणे यांत मोठे अंतर असते, हेही त्या रिकाम्या घरट्यावरून दिसते. चौतीस उन्हाळे शेजारात काढूनही तो पक्षी एकटाच राहिला.

मग भरकटलेला आणि स्थायिक झालेला यांत फरक कोणता? उत्तर आपल्या परिचयाच्या गायबगळ्याकडून मिळते. आफ्रिकेतील गायबगळे 19व्या शतकाच्या अखेरीस अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचले. पहिले आले ते भरकटलेलेच होते. पण त्यांच्यामागून आणखी आले, जोड्या जमल्या आणि 1953 साली फ्लोरिडात त्यांची घरटी सापडली. आज तेथील गुरांमागे फिरणाऱ्या बगळ्याला कोणी वाट चुकलेला म्हणत नाही. सोबत लाभली की भ्रमंतीचे घर होते. याउलट 1890 च्या दशकात झांझिबारला नेलेला आपला भारतीय कावळा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इतका फोफावला, की तेथील लहान पक्ष्यांची अंडी-पिल्ले त्याच्या तावडीतून सुटेनात आणि त्याला आवरण्याच्या मोहिमा काढाव्या लागल्या. दोघेही बाहेरचेच. एकाला निर्वासितपणाची सहानुभूती किंवा दुसऱ्याला परकेपणाचा द्वेष देऊन भागणार नाही. शेजाऱ्यांशी कोण कसा वागला, हेच पाहावे लागेल.

आता आपल्याकडे वळण्यास हरकत नाही. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि त्या तळाचे शहर झाले. ‘लष्कर’ हे त्याचे नाव आजही छावणीची आठवण देते. छावणी उठण्यासाठीच असते. ही उठली नाही. येथे आपल्याला सोबत होती, देव होते, पुरणपोळी होती, भाषा होती. म्हणून आपण अल्बाट्रॉस झालो नाही. परंतु बूबीसारखे थकूनही आलो नाही, सत्तेसोबत आलो. ज्यांच्या भूमीत आलो त्यांना त्या वेळी कोणी विचारले नव्हते. तेव्हा आपण गायबगळ्यासारखे आलो की कावळ्यासारखे, हा प्रश्न अप्रिय असला तरी आपण स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर एकरंगी नाही. येथे हद्दू-हस्सूखाँचे गाणे वासुदेवबुवा जोशींच्या गळ्यात उतरले, त्यांच्याकडून ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत नेले आणि आज महाराष्ट्र त्याला आपले मानतो. येथे घेतलेले आपण तिकडे पोहोचविले. येथील मातीलाही काही दिले. पण देण्याघेण्याचा हा हिशोब मांडताना आपल्या बाजूचेच आकडे आपल्याला पाठ असतात, हे विसरू नये.

या विवेचनातून आम्ही एवढाच निष्कर्ष काढू इच्छितो. दारी आलेल्या अपरिचिताला, पक्षी असो वा माणूस, पहिला प्रश्न ‘तुझे खरे स्थान कोठे?’ हा असू नये. त्याला या क्षणी काय हवे आहे, हा पहिला; तो शेजाऱ्यांशी कसा वागतो, हा दुसरा. त्याच्या जागेचा प्रश्न त्यानंतरचा, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार मुख्यतः त्याचाच. लष्करातील वाड्यांतून आज कितीतरी मुले बंगळूर, पुणे वा परदेशी गेली आहेत. तेथे कोणीतरी त्यांच्याकडे कुतूहलाने वा संशयाने पाहत असेल. त्याच वेळी आपल्या गल्लीत दूरच्या जिल्ह्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे भाड्याने खोल्या शोधत असतात आणि आडनाव ऐकून दार लोटले जाते. आपल्या मुलांना परगावी जी वागणूक मिळावी अशी आपली इच्छा असते, ती या कुटुंबांना देणे आपल्या हाती आहे. सुभाषितकाराने माणसाला दात आणि नखांच्या ओळीत बसविले खरे. पण गळलेला दात पुन्हा रुजत नाही, माणूस रुजतो. मात्र त्यासाठी कोणीतरी आधी थोडे सरकून बसावे लागते.