मिटणारा फोन आणि अपरिग्रहाचा प्रश्न

अपरिग्रह, म्हणजे निर्वाहापलीकडे वस्तूंचा संचय न करणे आणि जवळ असलेल्या वस्तूंवरही ममत्व न जडू देणे, हे मूल्य भारतातील धर्मपरंपरांनी वेगवेगळ्या वाटांनी स्वीकारले आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय आणि ब्रह्मचर्य यांच्या पाठोपाठ येणारा तो पाचवा यम आहे. जैन आचारात मुनीसाठी ते महाव्रत आहे, तर गृहस्थासाठी आपल्या मालमत्तेला आपणच मर्यादा घालून घेण्याचे अणुव्रत आहे. आणि बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांत, भिक्षूजवळ काय असावे हे नेमके सांगितलेले आहे. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे जो सोडतो त्याला धरून ठेवणेही शक्य होते. ते शक्यच नसेल तर थोडक्या वस्तूंत जगणाऱ्या माणसाविषयी धर्मविचाराने काय म्हणावे, हा प्रश्न महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या आतल्या, सह्याद्रीला टेकलेल्या तालुक्यांत एका साध्या वस्तूच्या निमित्ताने विचारता येतो. ती वस्तू म्हणजे जुना, स्वस्त, मध्यावर मिटणारा बटणांचा फोन.

या फोनचा इतिहास फार लांबचा नाही. मोटोरोला कंपनीचा स्टारटॅक १९९६ मध्ये आला आणि बिजागरीवर उघडणारा, खिशात मावणारा फोन ही कल्पना रूढ झाली. त्याच कंपनीचा २००४ चा रेझर व्ही३ आपल्या पातळ धातूच्या कवचामुळे प्रतिष्ठेची खूण ठरला. पुढे नोकियाच्या २७६० (२००७) आणि २७२० फोल्ड (२००९) यांसारख्या फोनांनी हाच आकार बेताच्या उत्पन्नाच्या गिऱ्हाइकापर्यंत आणला. २७२० फोल्डमध्ये आत १.८ इंचांचा पडदा, बाहेर वेळ आणि येणारा फोन दाखवणारा त्याहून छोटा पडदा, १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा, एफएम रेडिओ आणि ब्लूटूथ एवढे साहित्य होते, आणि ते सारे दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे मुख्यतः बोलणे व लघुसंदेश यांसाठी उभारलेल्या जाळ्यावर चालत असे. अलीकडे, २०२२ मध्ये, भारतात ४,६९९ रुपयांना आलेल्या नोकिया २६६० फ्लिपने हा आकार चौथ्या पिढीच्या जाळ्यावर परत आणला. त्याची ठसठशीत बटणे, काढता येणारी १,४५० एमएएचची बॅटरी आणि संकटकाळी दाबायचे वेगळे बटण पाहिले की तो कोणाचा हात डोळ्यांसमोर ठेवून घडवला असेल हे लक्षात येते.

असा फोन वापरणाऱ्यांची त्याविषयीची मते थोडक्यात सांगता येतात, कारण ती ठिकाणपरत्वे फारशी बदलत नाहीत. बटणे बोटांना जाणवतात, आवाज मोठा येतो, बॅटरी काही दिवस टिकते, झाकण मिटलेले असल्याने खिशात चुकून कोणाला फोन लागत नाही, आणि उघडला की फोन घेतला जातो, मिटला की ठेवला जातो, या दोन हालचालींपलीकडे काही शिकावे लागत नाही, हे त्याचे गुण. दोषही तितकेच ठरलेले आहेत. वरचा पडदा आणि खालचा कळफलक यांना जोडणारी पातळ लवचीक पट्टी हजारो वेळा दुमडली जाऊन अखेर तुटते आणि पडदा पांढरा पडतो. पुष्कळ जुन्या फोनांत मराठीतला संदेश अक्षरांऐवजी चौकोनांच्या ओळीसारखा दिसतो. छायाचित्र धूसर येते. आणि ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर आज गावकीची, भावकीची आणि शाळेची सगळी देवाणघेवाण होते, ते त्यावर चालत नाही. मुंबईला नोकरीनिमित्त राहणारे चाकरमानी आणि गावी राहिलेले त्यांचे आईवडील हा महाड-पोलादपूरच्या समाजजीवनाचा जुना ताणाबाणा असल्यामुळे या शेवटच्या दोषाला इथे वेगळे वजन आहे: नातवंडाचा चेहरा मुंबईच्या खोलीतल्या पडद्यावर असतो आणि वाडीवर फक्त आवाज पोहोचतो.

परंतु केवळ आवाज पोहोचणे हीच काही विचारवंतांना या फोनची श्रेष्ठता वाटेल, आणि तो विचार हलका नाही. योगमार्गात प्रत्याहार नावाचे पाचवे अंग आहे. इंद्रियांनी आपापल्या विषयांकडे धावणे थांबवून चित्ताच्या स्वरूपाला अनुसरणे असा त्याचा आशय आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हीच स्थिती कासवाच्या दृष्टान्ताने सांगितली आहे, जे आपले अवयव सर्व बाजूंनी आत ओढून घेते. मिटणारा फोन या दृष्टान्ताची सहज आठवण करून देतो, कारण त्याचे मिटणे ही दिसणारी, हाताला जाणवणारी कृती आहे. झाकणातले छोटे चुंबक जवळ येताच आतल्या सेन्सरला ते कळते, पडदा विझतो आणि संवाद संपतो. सपाट काचेच्या फोनला असा शेवट नाही. त्यावरचा मजकूर बोटाखाली सरकतच राहतो आणि कुठे थांबायचे हे त्या वस्तूच्या घडणीत कोठेही लिहिलेले नसते.

तरीही या साम्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कासव स्वतः आपले अवयव ओढून घेते. फोन मिटल्याने फोन मिटतो, मन नव्हे. शिवाय मिटलेला फोन ऐकणे थांबवत नाही, तो वाजण्याची वाट पाहत असतो. त्याने झाकले जाते ते डोळ्यांचे इंद्रिय, कान उघडाच राहतो. म्हणून या फोनला प्रत्याहाराचे साधन म्हणण्यापेक्षा श्रवणाचे साधन म्हणणे अधिक नेमके ठरेल, आणि श्रवण हे काही कमी प्रतीचे मूल्य नाही. महाड तालुक्यात वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे समर्थ संप्रदाय मानतो. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये या घळीचे स्थान पुन्हा उजेडात आणले. वीस दशक आणि दोनशे समास असलेल्या या ग्रंथाचा चौथा दशक नवविधा भक्तीचा आहे आणि त्यात पहिले स्थान श्रवणाचे आहे. ज्या ग्रंथाचा जन्मच एकाने सांगण्यात आणि दुसऱ्याने ऐकून लिहिण्यात झाला असे मानले जाते, त्याने श्रवणाला असा मान द्यावा हे सुसंगतच होय.

समर्थांच्या विचारातली दुसरी बाजू मात्र या चर्चेत बहुधा विसरली जाते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे; अक्षर कसे घोटून वळणदार करावे, ओळी कशा सरळ व समान अंतरावर ठेवाव्यात, कागद, शाई आणि लेखणी यांची निगा कशी राखावी, याचा इतका बारकाईने विचार एका परमार्थाच्या ग्रंथात यावा, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. साधनाचा त्याग हा तिथे आदर्श नाही; साधन उत्तम असावे आणि ते नीट हाताळता यावे हा आदर्श आहे. प्रपंच नेटका करून मग परमार्थाकडे वळावे, असे बाराव्या दशकाच्या आरंभी सांगणारा हा विचार, अपुऱ्या साधनावर समाधान मानण्याला आपोआप पुण्य समजणार नाही.

महाडजवळच, मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेल्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत हाच प्रश्न आणखी एका मापाने मोजता येतो. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कोरलेल्या या सुमारे ३० लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठी विनयाने आठ परिष्कार, म्हणजे नित्य उपयोगाच्या वस्तू, सांगितल्या होत्या: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. या यादीपेक्षाही महत्त्वाची आहे ती प्रत्येक वस्तू वापरताना करायची प्रत्यवेक्षणा, म्हणजे ही वस्तू कशासाठी आहे याचे स्मरण: चीवर थंडी, ऊन आणि डास यांच्यापासून रक्षणासाठी आहे, मिरवण्यासाठी नाही. इथे वस्तूंची संख्या हा निकष गौण होतो आणि प्रयोजन प्रधान होते. या मापाने पाहिले तर ज्या वृद्धेला मुलाचा आवाज ऐकायचा आहे आणि गरज पडल्यास शेजारच्या वाडीवर निरोप द्यायचा आहे, तिच्या हातातला मिटणारा फोन हा अभावही नाही आणि त्यागही नाही. तो प्रयोजनाला पुरेसा आहे, एवढेच. अभाव आणि अपरिग्रह यांच्या मधली ही तिसरी, यथाप्रयोजन म्हणता येईल अशी अवस्था आहे, आणि अशा फोनचे पुष्कळ समाधानी वापरकर्ते तिच्यातच मोडतात.

पण प्रयोजन कोण ठरवतो? इथून पुढे हा प्रश्न व्यक्तीच्या साधनेचा राहत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्री नदीच्या पुरात बुडाले, तालुक्यातल्या तळिये येथे दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडी कोसळल्या, आणि रस्ते, वीज व संपर्क एकाच वेळी तुटले. वीज नसताना काही दिवस टिकणारी बॅटरी ही अशा वेळी मोठी मदत असते, पण मनोऱ्यालाच वीज नसेल तर कोणताही फोन, महाग असो वा स्वस्त, मुका होतो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला राज्यभर ई-पीक पाहणीला सुरुवात झाली. या योजनेत शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून स्मार्टफोनमधल्या अ‍ॅपवर पिकाचे छायाचित्र व माहिती भरायची असते, म्हणजे सातबारावर पिकाची नोंद होते; पीकविमा आणि नैसर्गिक आपत्तीची भरपाई यांचा या नोंदीशी संबंध येतो. एका स्मार्टफोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते आणि राहून गेलेल्या नोंदीसाठी तलाठी वा सहायक यांच्यामार्फत तरतूद आहे, हे खरे. तरी भात आणि नाचणी पिकवणाऱ्या ज्या शेतकऱ्याजवळ बटणांचा फोन आहे त्याची स्वतःची नोंद स्वतः करण्याची शक्ती दुसऱ्याच्या सवडीवर जाते, हेही तितकेच खरे आहे. काल पुरेसा असलेला फोन आज अपुरा ठरला तो या शेतकऱ्याच्या गरजा वाढल्या म्हणून नव्हे, तर त्याच्या भोवतीचे व्यवहार बदलले म्हणून.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार अपरिहार्यपणे समोर येतो, आणि महाडमध्ये तो तसा यावा हे योग्यच आहे. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य या विषयावरील लेखात त्यांनी धर्माने कोणत्या कसोट्यांना उतरले पाहिजे हे मांडताना असे प्रतिपादन केले की धर्माने दारिद्र्याला पवित्र वा उदात्त ठरवू नये. ज्यांच्याजवळ संपत्ती आहे त्यांनी ती सोडणे ही धन्य अवस्था असू शकते, दारिद्र्य मात्र कधीच तशी असू शकत नाही. अपरिग्रहावर आजवर झालेल्या लेखनात इतकी स्वच्छ भेदरेषा क्वचितच आखली गेली असेल. सोडण्याला मूल्य येते ते धरण्याच्या सामर्थ्यामुळे. ते सामर्थ्यच ज्याला मिळाले नाही त्याच्या रिकाम्या हाताला संतोषाचे नाव देणे म्हणजे त्याच्यावर झालेला अन्याय त्याच्याच सद्गुणांत जमा करणे होय.

या भेदाचा संबंध महाडच्याच अनुभवाशी जोडता येतो. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये आपले सदस्य बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव केला, तरी चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्षात ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयीन निर्णय उच्च न्यायालयाकडून १९३७ साली मिळाला. फोनच्या अभावाची अस्पृश्यतेच्या यातनेशी बरोबरी करणे सर्वथा चुकीचे ठरेल. तिथे माणसाचे माणूसपणच नाकारले गेले होते. त्या लढ्याने शिकवलेली एक गोष्ट मात्र इथे लागू पडते: कागदावर सर्वांना खुली असलेली सार्वजनिक सोय आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने घेता येणारी सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतले अंतर दूर करणे हे ज्याला सोय नाकारली जाते त्याचे एकट्याचे काम नाही.

मग स्वेच्छेने बटणांचा फोन वापरणाऱ्याचे काय? मुंबई-पुण्यात मोठा फोन बाजूला ठेवून मिटणारा फोन घेणारे काहीजण आहेत आणि त्यांचा प्रयत्न प्रामाणिक असेल तर तो अपरिग्रहाच्या व्रतात मोडतो, यात शंका घेण्याचे कारण नाही. घरात दुसरा फोन आहे, बँकेचे काम कोणी करून देईल, नकाशा विचारता येईल, अशा आधारावर हे व्रत उभे असते, आणि व्रताला आधार असणे हा दोष नाही. मुनीच्या भिक्षेलाही गृहस्थाचा आधार असतोच. दोष तेव्हा घडतो जेव्हा असा व्रतस्थ पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरील बटणांचा फोन पाहून तिथल्या साधेपणाची स्तुती करू लागतो. दोघांच्या हातात एकच वस्तू असते, पण एकाने दार लोटून घेतले आहे आणि दुसऱ्यासाठी ते उघडलेच नाही.

म्हणून अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्याचे पहिले कर्तव्य दुसऱ्याला थोडक्यात राहायला सांगणे हे नसून त्याच्यासाठी निवड शक्य करणे हे आहे. त्यात अवघड असे काही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांना, इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांचे स्वतंत्र रिचार्ज ठेवण्यास सांगितले, म्हणजे न वापरलेल्या गोष्टीचे पैसे भरण्याची सक्ती टळावी. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली. अशा प्रत्येक उपायाने बटणांचा फोन अभावाच्या बाजूकडून निवडीच्या बाजूकडे थोडा सरकतो. उलट ज्या दिवशी दुसऱ्या पिढीचे जाळे बंद होईल, त्या दिवशी २७२० फोल्डसारखा जुना फोन, त्याची बिजागरी आणि बॅटरी धडधाकट असूनही, निरुपयोगी होईल, आणि त्याला पुरेसा मानणाऱ्या वृद्धेला कोणी न विचारता तिच्या गरजेची व्याख्या बदललेली असेल. त्यापूर्वी तलाठी कार्यालयात कागदावरचा अर्ज स्वीकारला जावा, बँकेच्या खिडकीवर माणूस बसलेला असावा आणि ज्याला मोठा फोन हवा आहे त्याला तो परवडावा, या तिन्ही मागण्या एकाच वेळी करणे हे अपरिग्रहाच्या विरोधात जात नाही.