शंभरातले तीन-चार जण

घरात कुणाच्या तरी मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली जाते. काही दिवसांनी रिपोर्ट येतो : दुसरी अवस्था. गाठ आतड्याच्या भिंतीत खोल गेली होती, पण लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली नव्हती. आपण सुटकेचा श्वास सोडतो आणि तेवढ्यात डॉक्टर विचारतात, "किमोथेरपी करायची का?"

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न सोपा नाही. ग्रंथींत कॅन्सर सापडला असता, तर डॉक्टरांनी किमो घ्याच असे सहसा सांगितले असते. दुसऱ्या अवस्थेतले बहुतेक रुग्ण मात्र नुसत्या ऑपरेशननेच बरे होतात. २००७ साली 'क्वासार' या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन हजारांहून अधिक रुग्ण होते. किमोमुळे पाच वर्षांनी शंभरात तीन-चार जण जास्त जगतात, असे त्यातून दिसले. ते तीन-चार कोण, हे आधी कळत नाही. बाकीचे मळमळ, जुलाब, थकवा सोसतात ते निष्कारण. ऑक्सॅलिप्लॅटिन दिले, तर बोटे बधिर होतात. काहींची ती बधिरता वर्षानुवर्षे जात नाही. ही बाब किरकोळ वाटत असेल, तर आपल्या भिवंडीत यंत्रमागावर तुटलेला धागा सांधणाऱ्याला विचारावे.

डॉक्टर अंधारात तीर मारत नाहीत. आतडे फुटले होते का, किमान बारा ग्रंथी तपासल्या का, हे ते पाहतात. २०२२ साली ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत रक्तात कॅन्सरचा डीएनए शोधून निर्णय घेतला गेला. किमो घेणारे शंभरात २८ वरून १५ वर आले, तरी आजार उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. मात्र ही तपासणी सर्वांच्या आवाक्यातली नाही.

मग ठरवायचे कुणी? आपल्याकडे मुलगे-जावई दाराबाहेर कुजबुजत ठरवतात. "सगळे करून पाहा," असे आपण म्हणतो, तेव्हा ते आईसाठी असते की उद्या आपल्याला बोल लागू नये म्हणून? अवजड उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, असे व्हॅटिकनने १९८० सालीच स्पष्ट केले आहे. कुटुंबावर खर्चाचा अतिरेकी भार नको, हेही त्यात रास्त कारण मानले आहे. पण इथेच आम्ही अडखळतो. "पोरांना खर्च नको" असे आई म्हणते, तेव्हा ती तिची इच्छा असते की आपल्या चेहऱ्यावर तिने वाचलेला हिशेब? आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करू, मग तिला पुन्हा विचारू.

आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या खोलीत तिलाही आत घेऊन जाऊ. माझ्यासारख्या शंभर जणींत किती जणींना उपयोग होतो, हे तिलाच विचारू द्या.