जपलेली गाडी

सॅन स्टॉर्म हे नाव आपल्या वयाच्या बहुतेकांनी ऐकलेलंही नसेल. १९९८च्या सुमारास गोव्यात तयार व्हायला लागलेली ही दोन सीटची, छप्पर मागे दुमडता येणारी स्पोर्ट्स कार. रेनोचं ११४९ सीसी पेट्रोल इंजिन, फायबरग्लासची बॉडी. रस्त्यावर फार थोड्या आल्या. त्यामुळे आज एखादी धडधाकट स्टॉर्म विकायला निघाली, की गाड्यांचं वेड असलेले लोक दोन जिल्हे ओलांडून बघायला जातात.

समजा, अशी एक मालवणात विकायला आहे. जाहिरातीत लिहिलंय : 'एकहाती वापर, उत्तम जपलेली, बॉडीला गंज शून्य.' फोटोत छप्पर उघडं, मागे समुद्र, संध्याकाळचं ऊन. यातला एकही शब्द खोटा नाही. फायबर गंजतच नाही. मालवणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या उगाच वाढलेल्या नाहीत.

पण गाडी नुसत्या फायबरवर उभी राहत नाही. खालचा सांगाडा, सस्पेन्शन, नट-बोल्ट हे सगळं धातूचं. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ते काम झपाट्याने करवून घेतं. वर सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस. आपल्या गाडीचा मालक जपणारा माणूस आहे. दर मे महिन्यात तो मेस्त्रीकडून गाडी खालून तपासून घेतो. गेल्या मे महिन्यात मेस्त्रीने डाव्या बाजूच्या एका पट्टीला स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर तो आत गेला.

आता गिऱ्हाईक आलंय. गाडीभोवती फिरतंय, बॉडीवर टिचक्या मारतंय, इंजिन ऐकतंय. खाली वाकून बघत नाही, विचारतही नाही. मालकाने आपणहून सांगायला हवं का?

कायद्याचं उत्तर गमतीदार आहे. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली एका घोड्याची उदाहरणं. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. मग तोच घोडा तो स्वतःच्या नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला विकतो. इथे मात्र नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, 'तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन.' विकणारा गप्प बसतो. आता ते गप्प बसणं बोलण्याइतकंच धरलं जातं.

थोडक्यात, गप्प बसणं एरवी चालतं, मुद्दाम लपवणं चालत नाही. गंज झाकायला विकण्याच्या आदल्या आठवड्यात खालून काळं कोटिंग मारलं, तर प्रकरण बदललं. हात न लावता गप्प राहिलात, तर बहुधा सुटलात.

मला अडचण घोड्यांच्या या हिशोबात वाटते. लिलावातला परका आणि स्वतःची मुलगी यांच्यामध्ये माणसांचा केवढा मोठा पट्टा आहे! मालवणात तर अर्ध्या जगाशी काहीतरी ओळख निघते. कुणी मामाच्या गावचा, कुणी भावाच्या वर्गातला. असा माणूस जाता जाता म्हणतो, ''काय आसला तर सांग हां, नायतर मी घेतंय.'' हा तिसरा घोडा झाला. पण पनवेलहून आलेला अनोळखी मुलगा हे वाक्य बोलला नाही, म्हणून त्याला वेगळी गाडी विकायची का? पट्टी तीच, गंज तोच. शेजारच्या सीटवर उद्या त्याची आई बसणार असेल.

मालकाच्या बाजूनेही बोलायला हवं. गाडी तो हौसेने विकत नाहीये. समजा, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. गंजाचं सांगितलं की पन्नास हजार तरी उतरणार. घेणारा सज्ञान आहे, सोबत मेस्त्री आणू शकला असता. शिवाय आरटीओचं पासिंग आहे : पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनीच वाढते. सरकारने पास केलेल्या गाडीवर मालकाने स्वतःहून शेरा का मारावा?

ही गरज खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण ते पन्नास हजार कुठून येतात ते बघा. गाडीची तेवढी किंमत नाहीच. घेणाऱ्याला एक गोष्ट माहीत नाही, तिची ती किंमत आहे. ऑपरेशनचा काही खर्च त्या मुलाने न विचारता उचललाय.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहिला. २००१च्या नोबेलमागे तोच होता. त्याचा मुद्दा असा : आतलं फक्त विकणाऱ्याला माहीत असेल, तर घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. गप्प बसणाऱ्यांचं बिल असं खरोखर जपणाऱ्यांच्या नावावर फाटतं.

आणि इथेच 'जपलेली' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. गाडी कशीही हाणणारा माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकतो, 'खाली काय आहे, मला माहीत नाही.' जपणाऱ्याला ती सोय नाही. जपणं म्हणजे वर्षानुवर्षं बघत राहणं, आणि बघणाऱ्याला दोष सर्वांत आधी कळतात. 'उत्तम जपलेली' म्हणून तो जादा पैसे मागतो, तेव्हा तो आपलं हे बघणंच विकत असतो. मग त्यातलं सोयीचं तेवढं द्यायचं आणि स्क्रू-ड्रायव्हर आत गेल्याचं ठेवून घ्यायचं, हे अर्धा माल देऊन पूर्ण पैसे घेणं झालं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रोजेक्ट दुसऱ्या टीमकडे जाताना माहीत असलेल्या दोषांची यादी सोबत द्यायची पद्धत आहे. ती यादी बघून कुणी काम वाईट म्हणत नाही. यादी कोरी असली, तर उलट शंका येते.

सगळंच सांगायचं का? डाव्या आरशावरचा ओरखडा, रेडिओची खरखर? मला एक साधी कसोटी सुचते. हीच गाडी दहा वर्षांनी मला परत विकत घ्यायची झाली, तर मी पहिल्यांदा कुठे वाकून बघेन? जिथे बघेन, तेवढं आज सांगायचं. आपल्या मालकाला उत्तर शोधावं लागणार नाही.

त्याची जाहिरात मग अशी होईल : 'बॉडीला गंज नाही. खाली डाव्या बाजूच्या पट्टीला आहे, फोटो जोडलाय. मेस्त्रीचा अंदाज सांगेन. किंमत तो खर्च वजा करून.' फोन कमी येतील. काही जण त्याच पट्टीवरून आणखी दहा हजार पाडून मागतील. पण जो घेईल, तो गाडी घेऊन सरळ वेल्डिंगवाल्याकडे जाईल आणि पुढचा पावसाळा तिला नीट पार करता येईल. गाडी जपणाऱ्या माणसाला हेच तर हवं असणार.