सक्तीचा धर्मविचार

प्रत्येक विद्यार्थ्याने, त्याची श्रद्धा असो वा नसो, ईश्वरविषयक शास्त्राचे काही पाठ ऐकलेच पाहिजेत, असा दंडक अमेरिकेतील कित्येक कॅथॉलिक विद्यापीठांत आजही आहे. आमच्या सुशिक्षितांस ह्याचे नवल वाटावे असे काही नाही. इंग्रजी अमदानीत मिशनरी कॉलेजांतून बायबलचा तास सर्वांवर सक्तीचा असे. मुंबईचे विल्सन कॉलेज हे त्याचे परिचित उदाहरण होय. तास घेणाऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हेही उघड आहे.

पुढे १९५० साली आपल्या राज्यघटनेने ही वाट बंद केली. अठ्ठाविसाव्या कलमान्वये केवळ सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या वा पालकाच्या संमतीवाचून कोणास त्या तासाला बसविता येत नाही. हे योग्यच झाले. तथापि धर्माची दीक्षा देणे निराळे आणि धर्मांचा अभ्यास करणे निराळे, हा भेद सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. अभ्यासाची वाट मोकळी आहे. आम्हीच तिच्याकडे फिरकलो नाही.

आमच्या हिंगोली जिल्ह्याचेच पाहा. नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान. आमचे पदवीधर तेथे भक्तिभावाने माथा टेकतात. परंतु त्याच नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात कशी गेली, असे विचारताच घुटमळतात. औंढ्याच्या नागनाथाची कथा तर सर्वांस पाठ. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले; ‘जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव’ असे ते नामदेवांस म्हणतात. देव सर्वत्र असेल तर पिंडीचे प्रयोजन काय? घरी हा प्रश्न आगाऊपणाचा ठरतो, देवळात गर्दीचा रेटा असतो. मग तो कॉलेजात नाही विचारावयाचा तर कोठे?

‘पण सक्ती कशाला?’ असे कोणी म्हणेल. नामदेव तरी औंढ्यास आपण होऊन कोठे गेले होते? कथेप्रमाणे गोरोबांनी थापटण्याने डोके ठोकून त्यांस कच्चे मडके ठरविले, तेव्हा पांडुरंगाने त्यांस धाडले. ज्यास आपले कच्चेपण ठाऊक नाही तो हा विषय निवडणार कसा? संमती एकवार घेतल्यावर हजेरी सक्तीची असावी, असे आमचे मत आहे.

खरी मेख परीक्षेत आहे. थॉमस अक्वायनस आपल्या ग्रंथात आधी आक्षेप मांडतो व मग उत्तर देतो. आमच्या शास्त्रकारांचा पूर्वपक्ष तो हाच. चार्वाकाची बाजू घेऊन उत्तम उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास पहिला वर्ग देण्याची ज्याची तयारी नाही, त्याने हा तास घेऊ नये. कॅथॉलिक विद्यापीठाचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे : आपण काय मानतो हे ते स्पष्ट सांगते, त्यामुळे वाद कोणाशी घालावयाचा हे विद्यार्थ्यास कळते. आमचे मूल्यशिक्षणाचे पाठ इतके गुळमुळीत असतात की त्यांच्याशी भांडताही येत नाही.

सकाळी चार्वाकाचा पक्ष मनापासून मांडील आणि सायंकाळी नागनाथापुढे हात जोडील, असा एकच अध्यापक आमच्या जिल्ह्यात मिळाला तरी पुरे. संमतिपत्रे आम्ही घरोघर जाऊन आणू.