दोष कोणाच्या माथी?

18 मार्च 2018 च्या रात्री, अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, टेम्पी शहरी, उबर कंपनीच्या स्वयंचलित चाचणी-मोटारीने सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीचा बळी घेतला. यंत्राला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. ती वाहन की सायकल, याचाच खल ते करीत राहिले. आपोआप ब्रेक लावणारी मोटारीची मूळ यंत्रणा कंपनीने चाचणीपुरती बंद ठेवली होती. आणि देखरेखीस बसलेली चालिका मोबाइलमध्ये गुंतलेली! कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. चालिकेने 2023 मध्ये अपराध कबूल केला.

ती निर्दोष होती, असे आम्ही म्हणत नाही. पण ब्रेक बंद ठेवण्याचा निर्णय तिचा नव्हता.

ब्रिटनने 2018 च्या कायद्यात निराळी वाट धरली. स्वतः चालणाऱ्या वाहनाने इजा केल्यास विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी, मग जो जबाबदार असेल त्याच्याकडून ती वसूल करावी. जखमीला तिष्ठत ठेवायचे नाही, हा न्याय आम्हांला पटतो. परंतु भरपाई चुकती झाल्यावर दोषाचा शोध घेण्याची निकड कोणाला उरेल? टेम्पीतही कंपनीने मृत स्त्रीच्या नातलगांशी त्याच महिन्यात तडजोड केली. तिच्या अटी उघड झाल्या नाहीत.