गळती

कारखाना चालू असताना त्याचं दुखणं कळत नाही. तो बंद असताना जाऊन उभं राहावं लागतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सात-आठ वर्षांपूर्वी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी असा उभा होतो. भट्टी थंड, मोल्डिंग मशिनं गप्प, वाळूच्या ढिगावर मांजर झोपलेलं. फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायला सांगितला होता. हवा वापरणारं एकही यंत्र चालू नव्हतं, म्हणजे पाइपात दाब भरला की कॉम्प्रेसरनेही गप्प बसायला हवं होतं. तो बसत नव्हता. दीड मिनिट लोड, म्हणजे हवा भरणं, साडेतीन मिनिटं अनलोड, म्हणजे नुसतं फिरणं, पुन्हा दीड मिनिट लोड. पाच मिनिटांतलं दीड मिनिट, म्हणजे ३० टक्के हवा कुठेतरी निसटत होती. कान दिला की ऐकूही येत होती: कपलिंगमधून, ग्राइंडरच्या होजमधून, छताजवळच्या एका जुन्या व्हॉल्व्हमधून. कुकरची शिट्टी नीट बसायच्या आधी येतो तसला बारीक सू-सू आवाज.

मी ऊर्जा लेखापरीक्षण करतो. कारखान्याची वीजबिलं घेऊन बसायचं, मशिनं मोजायची आणि त्यातले किती पैसे वाया जातात ते लिहून द्यायचं, असा हा धंदा. नोकरी सोडून एकट्याने तो करायला लागलो त्याला आता चौदा वर्षं झाली. पाहुण्यांना अजून नीट समजावून सांगता येत नाही. आईने शेवटपर्यंत 'लाइटबिलाचं काहीतरी करतो' एवढ्यावर भागवलं. ते बरोबरच होतं.

त्या फौंड्रीच्या मालकांना नवा कॉम्प्रेसर घ्यायचा होता. १२ लाखांचं कोटेशन टेबलावर आलेलं होतं. माझ्या अहवालात त्याला दुजोरा मिळाला की बँकेकडे जायचं, असा बेत. विक्रेत्याचा माणूस मला गेटबाहेर चहाच्या गाड्यावर भेटला. "साहेब, रिपोर्टमध्ये आमचं मॉडेल येऊ दे. तुमचं काय ते बघू की." हे 'बघू' म्हणजे तीन टक्के. ३६ हजार रुपये. त्या कामाची माझी फी ३५ हजार होती.

मी ते घेतले नाहीत, पण त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. त्या महिन्यात हातात आणखी दोन कामं होती. ती नसती तर काय केलं असतं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

डॉक्टरांच्या कट प्रॅक्टिसवर आपण तावातावाने बोलतो. २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. गुंतवणूक सल्लागारांसाठी सेबीने २०१३ मध्ये नियम केले. ग्राहकाकडून सल्ल्याची फी घ्यायची आणि त्याच ग्राहकाला विकलेल्या योजनेवर कमिशनही घ्यायचं, हे आता चालत नाही. आमच्यासारख्यांकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. इंटिरिअरवाला प्लायवूडच्या दुकानातून, सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीकडून, आमचा माणूस कॉम्प्रेसरवाल्याकडून, सगळे 'बघू' म्हणत असतात. पापपुण्याचं राहू द्या. माझी अडचण धंद्याची आहे. कमिशन एकदा घेतलं की 'हे घेऊ नका' असं म्हणायची सोय संपते. आणि मालकाने खरं तर तेवढ्यासाठीच मला पैसे दिलेले असतात. 'घ्या' म्हणणारे त्याला फुकट मिळतात.

म्हणून अहवालात लिहिलं: नवा कॉम्प्रेसर घेऊ नका, आधी गळती बंद करा. खर्च फार तर ४० हजार, वर्षाला बचत साडेपाच लाख. मालक खूश. चेक आठवड्यात.

इथवर गोष्ट माझ्या बाजूची आहे. पुढची नाही.

महिनाभराने दुसऱ्या एका कारखान्याचं गणित मांडताना माझ्या लक्षात आलं, की आपण चुकलो. कॉम्प्रेसर ४५ किलोवॅटचा. मी सरळ त्याचे ३० टक्के धरले, १६ तास आणि ३०० दिवसांनी गुणलं आणि युनिटला सरासरी साडेआठ रुपये लावले. पण कॉम्प्रेसर अनलोडवर असतानाही वीज खातोच, पूर्ण भाराच्या पंचवीस-तीस टक्के. ती वजा करायची राहिली होती. शिवाय गळती कधी शून्यावर येत नसते. १० टक्क्यांवर आणली तरी मिस्त्रीची पाठ थोपटावी. हे सगळं धरलं की बचत पावणेतीन लाख. मी सांगितली होती त्याच्या बरोबर निम्मी.

कुणाला कळणार नव्हतं. वीजबिल दर महिन्याला उत्पादनाप्रमाणे हलतं, त्यात पावणेतीन लाख कुठे गेले हे शोधायला पुन्हा मलाच बोलावलं असतं! पंधरा दिवस मी गप्प राहिलो. त्या पंधरा दिवसांत नव्या कामाच्या चौकशीचे दोन फोन आले, मी उचललेच नाहीत. सकाळी लॅपटॉप उघडायचा, जुन्या फायली इकडून तिकडे हलवायच्या, दुपारी झोपायचं. बायकोला वाटलं मी आजारी आहे. मला वाटलं कंटाळा आलाय, चार दिवस कोकणात जाऊन यावं.

शेवटी गेलो आणि सांगितलं. मालकांनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे निम्मंच व्हय?"

"निम्मंच."

"मग फीपण निम्मी करूया की."

मी हो म्हणायच्या बेतात होतो, तर तेच हसले. पुढच्या कामाच्या बिलातून त्यांनी १० हजार कापले आणि उरलेले त्याच दिवशी दिले. कापलेले पैसे मला योग्य वाटले, आजही वाटतात. चूक सांगितली त्या दिवशी घरी जाताना त्या दोन फोनना उलटे फोन केले. एकाने काम दुसऱ्याला दिलं होतं.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांना 'उत्साह कसा टिकवता' असं नेहमी विचारतात. उत्तरं ठरलेली असतात: पहाटे उठा, ध्येय लिहून काढा, चांगल्या माणसांत राहा. मीही पूर्वी असलं काहीबाही सांगायचो. आता माझा अनुभव एवढाच सांगतो, की कामात मन लागेनासं झालं की आधी कुठल्या ग्राहकाला काय सांगायचं राहिलंय ते बघतो. बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. कुठे तारीख पाळता येणार नाही हे ठाऊक असून 'बघतो' म्हटलेलं असतं, कुठे मला न येणारं काम हो म्हणून अंगावर घेतलेलं असतं. नोकरीत ही गळती दिसत नाही. साहेब असतो, खातं असतं, दोष वाटून घ्यायला चार माणसं असतात. एकट्याच्या धंद्यात सगळा दाब एकाच पाइपात.

न सांगितलेल्या गोष्टींत पैशाचा नंबर पहिला. मराठी माणूस फी मागताना अपराधी चेहरा का करतो कोण जाणे. बिल फाडलं, की पैसे येवोत न येवोत, १८ टक्के जीएसटी वेळेवर भरावाच लागतो, आणि आपण ग्राहकाला फोन करून हवापाण्याच्या गप्पा मारत बसतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने तर असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवायची सोयही काढून घेतली. मी हा कायदा एकदाही कुणावर चालवलेला नाही. पण पहिल्याच बैठकीत तारखेसकट बोलतो. कामाआधी पैशाचं बोलणारा माणूस हावरट वाटतो आणि कामानंतर न बोलणारा मनात कुढत राहतो. कुढणाऱ्याकडून चांगला अहवाल होत नाही.

बचतीत वाटा घ्यायची पद्धतही मी करून पाहिली. ऐकायला फार न्याय्य वाटते. पण त्यात बचत मोजणारा मी आणि वाटा घेणाराही मी. प्रत्येक आकडा वर सरकवावासा वाटतो. एका वर्षात सोडली.

तरी खरा कंटाळा येतो तो वेगळाच, आणि त्यावर माझ्याकडे पुरता इलाज नाही. आपला सल्ला बरोबर असतो, पैसेही मिळालेले असतात, आणि अहवाल कपाटात पडून राहतो. अशा वेळी मला इंजिनिअर विश्वेश्वरय्या आठवतात. पुण्यात शिकलेला, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक-खानदेशापासून राबलेला, खडकवासला धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारा हा माणूस. सरकारी नोकरी सोडल्यावर त्यांना हैदराबादच्या निजामाने बोलावलं. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने शहर धुऊन नेलं होतं. पूर अडवायला शहराच्या वर जलाशय बांधा, असा त्यांचा सल्ला. त्यांपैकी उस्मानसागर पुरा झाला १९२० मध्ये, हिमायतसागर १९२७ मध्ये. मधल्या काळात ते म्हैसूरचे दिवाण होऊन त्या पदावरून बाजूलाही झाले होते. आमचा व्हॉल्व्ह सहा महिने बदलला नाही म्हणून मी रुसून बसतो!

रुसण्याऐवजी आता मी एक करतो. जुन्या ग्राहकांकडे वर्षातून एकदा, न बोलावता, बिल न लावता जातो आणि मोजून येतो. काहींना ते आवडत नाही, त्यांच्याकडे परत जात नाही. त्या फौंड्रीत मात्र गेल्या दिवाळीच्या सुट्टीतही गेलो होतो. मालकांचा मुलगा आता बघतो. चिवड्याची बशी पुढे सरकवत म्हणाला, "काका, आता सगळं ओके असणार."

कॉम्प्रेसर चालू करायला लावला. लोड ५१ सेकंद, अनलोड २४९. गळती १७ टक्के, मागच्या वर्षीपेक्षा चारने जास्त. त्याला तसं सांगितलं.